अर्ल ऑक्सफर्डचा, जमीन एसेक्समध्ये: मध्ययुगीन युरोपातले किताब आणि जमिनी

ओसरी (धागाकर्ती)

गेल्या रविवारी हेडिंगहॅमचा किल्ला पाहून आलो. एसेक्समधल्या एका लहानशा गावाच्या टेकडीवर बाराव्या शतकातला दगडी बुरूज अजून भक्कम उभा आहे. किल्ला डी व्हिअर घराण्याचा, आणि हे घराणं म्हणजे ऑक्सफर्डचे अर्ल (अर्ल हा इंग्लंडमधला एक मोठा सरदारी किताब). लेकीनं तिथल्या तिथे विचारलं, "आई, ऑक्सफर्ड इथून किती लांब आहे! मग ऑक्सफर्डचा अर्ल इथे का राहायचा?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन आठवडाभर वाचत बसले. जे सापडलं ते इथे मांडते आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात 'अमुक ठिकाणचा ड्यूक म्हणजे त्या मुलखाचा मालक' असंच चित्र असतं. माझ्याही होतं.

गोष्ट ११४१ ची. इंग्लंडच्या गादीसाठी स्टीफन आणि मटिल्डा यांच्यात यादवी चालू होती. ऑब्री डी व्हिअर आपल्या बाजूला यावा म्हणून मटिल्डानं त्याला सनद दिली. तिच्यात केंब्रिजशायरचं अर्लपद देऊ केलं होतं. पण केंब्रिजवर स्कॉटलंडच्या राजाचा हक्क निघाला तर? त्याची सोयही सनदेतच लावलेली होती: तसं झालं तर ऑक्सफर्डशायर, बर्कशायर, विल्टशायर आणि डॉर्सेट या चारांतला एक परगणा ऑब्रीनं निवडावा. त्यानं ऑक्सफर्डशायर निवडला. त्याच्या मुख्य जमिनी आणि किल्ला आधीपासून एसेक्स आणि आसपासच्या भागात होत्या, त्या तिथेच राहिल्या. किताबाबरोबर ऑक्सफर्डशायर त्याच्या ताब्यात आला नाही. त्याला मिळायचा तो 'तिसरा पेनी', म्हणजे परगण्याच्या न्यायसभेत जमणाऱ्या दंड-महसुलाचा तिसरा हिस्सा. ११५६ मध्ये दुसऱ्या हेन्रीनं हाच हक्क त्याला पुन्हा लिहून दिला.

हा तिसरा हिस्सा कुठून आला ते पाहिलं की किताबांचं मूळ उलगडतं. शार्लमेन या फ्रँक सम्राटाच्या साम्राज्यात काउंट (इंग्लंडात ज्याला अर्ल म्हणतात तो) हा राजाचा नेमलेला अधिकारी होता. लॅटिन 'कोमेस' म्हणजे सोबती, राजाच्या बरोबरचा माणूस. न्याय करायचा, फौज जमवायची, सारा गोळा करायचा ही त्याची कामं. पगार म्हणून पदाला जोडलेली काही जमीन आणि दंडाचा तिसरा हिस्सा. 'ड्यूक' म्हणजे रोमन 'डुक्स', सेनानायक. 'मार्क्विस' किंवा जर्मन 'मार्कग्राफ' म्हणजे मार्कचा, सीमेवरच्या मुलखाचा रखवालदार. 'व्हायकाउंट' म्हणजे काउंटचा मुतालिक. ही सगळी आधी कामांची नावं होती.

काम वंशपरंपरेनं चालू लागलं तेव्हा सगळं पालटलं. ८७७ मध्ये शार्लमेनचा नातू, चार्ल्स द बॉल्ड, इटलीच्या मोहिमेवर निघाला. निघण्यापूर्वी किएर्झी इथे त्यानं आज्ञा काढली, की मागे एखादा काउंट मेला आणि त्याचा मुलगा आपल्याबरोबर मोहिमेवर असेल, तर आपण निर्णय देईपर्यंत मागे राहिलेल्यांनी त्या काउंटीचा कारभार तात्पुरता चालवावा. बापाचं पद मुलाकडे जाणार हे त्या आज्ञेत जवळजवळ गृहीतच धरलं आहे. पुढच्या शंभरेक वर्षांत केंद्रातला राजा दुबळा झाला आणि अधिकाऱ्यांची घराणी पद, पदाची जमीन आणि स्वतःची जमीन एकाच मुठीत धरून बसली. नॉर्मंडी, अँजू, फ्लँडर्स ही अशीच उभी राहिली.

म्हणजे फ्रान्समध्ये पद आणि मुलूख एक झाले, तर इंग्लंडमध्ये ते एकमेकांपासून सुटत गेले. समुद्राच्या दोन बाजूंना. मला हे फार विलक्षण वाटतं. जाणकारांनी भर घालावी.

नवी_वाचक

ओसरीताई, सुंदर धागा. एक साधी शंका. दंडाचा तिसरा हिस्सा म्हणजे फार मोठी रक्कम नसणार. मग एवढे किल्ले, घोडे, माणसं कशावर पोसायचे? आणि बॅरन म्हणजे अर्लच्या खालचा का?

ओसरी

पोसायचे जमिनीवरच, पण ती जमीन किताबाच्या नावानं आलेली नसे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि 'सगळी जमीन राजाची, बाकीचे ती राजाकडून धारण करतात' हे तत्त्व पक्कं केलं. १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरला त्यानं पाहणीचा हुकूम दिला. १०८६ मध्ये माणसं परगण्या-परगण्यांतून फिरली आणि १३,००० हून अधिक गावांची नोंद झाली: नांगर किती, गिरण्या किती, कुरण किती, १०६६ पूर्वी कोणाचं होतं, आता कोणाचं, मोल काय. तेच डूम्सडे बुक. त्या हिशोबानं मोलाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकी जमीन राजा आणि त्याच्या कुटुंबाकडे, चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त बिशप आणि मठांकडे, आणि निम्म्याहून अधिक जमीन सुमारे १९० सरदारांकडे होती, थेट राजाकडून घेतलेली. मोठ्या जमीनदारांत जुने इंग्रज म्हणावेत असे दोघंच उरले होते, आर्डनचा थर्किल आणि लिंकनचा कोल्सवाइन. वीस वर्षांत एका देशाचा जमीनदार वर्ग जवळजवळ पूर्ण बदलला. ही ओळ वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकले नव्हते.

थेट राजाकडून मोठी जमीन धारण करणारा तो बॅरन. तेव्हा ही काही अर्लच्या खालची पायरी नव्हती. जमीनधारणेच्या दृष्टीनं अर्लसुद्धा बॅरनच असायचा. फरक एवढाच, की अर्लचं नाव एका परगण्याशी जोडलेलं असे. १२१५ च्या मॅग्ना कार्टात वारसाहक्काच्या नजराण्याची कमाल मर्यादा आहे: अर्ल किंवा बॅरनच्या वारसाला १०० पौंड, एका नाईटच्या (घोडेस्वार योद्ध्याच्या) जमिनीला १०० शिलिंग. अर्ल आणि बॅरन यांना तिथे एकच आकडा आहे.

आणि जमिनी सलग नसत. विल्यमचा सावत्र भाऊ रॉबर्ट ऑफ मोर्टेन याच्या जमिनी वीसेक परगण्यांत विखुरल्या होत्या.

सातबारा

महसूल खात्यात तीस वर्षं काढली म्हणून राहवत नाही. ओसरीताईंनी 'धारण करणे' हा शब्द वापरला तो अगदी नेमका आहे. या सगळ्याची किल्ली त्याच शब्दात आहे.

आपल्या सातबाऱ्यावर 'मालक' असा रकाना कधी पाहिलात का? तिथे भोगवटादार असतो. वर्ग १ चा असेल तर विकायला मोकळा, वर्ग २ चा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जमीन हलवता येत नाही. जमीन अखेर शासनाची, तुमचा तो भोगवटा. इंग्रजी कायद्याची मांडणी याच अंगाची होती आणि तत्त्वतः आजही आहे. तिथे माणूस 'जमिनीचा मालक' नसतो, जमिनीतल्या एका हक्काचा मालक असतो.

जमीन देण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. कागद नंतर आला. आधी दोघांनी साक्षीदार घेऊन शेतावर जायचं आणि देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या हातात मातीचं ढेकूळ नाहीतर झाडाची फांदी ठेवायची. झाला ताबा. त्याला 'सीझिन' म्हणत. मालकी कोणाची हा वाद पुढचा, आधी सीझिन कोणाकडे ते पाहायचं. आमच्या चावडीवरही पहिला प्रश्न 'कब्जा कोणाचा?' हाच असायचा.

दुसरी गोष्ट १२९० च्या कायद्याची. तोवर काय व्हायचं, की राजाकडून अ नं जमीन घेतली, अ नं ब ला दिली, ब नं क ला, आणि प्रत्येक जण खालच्याचा धनी. साखळी लांबत जायची. मधल्या कोणी सेवेच्या बदल्यात गुलाबाचं एक फूल घ्यायचं ठरवलं, की वरच्या धन्याच्या हाती वारसाचा नजराणा नाही, अज्ञान वारसाची पालकी नाही, काही म्हणता काही उरत नसे. पहिल्या एडवर्डच्या 'क्विया एम्प्टोरेस' कायद्यानं हे थांबवलं. कायमच्या विक्रीत घेणारा थेट देणाऱ्याच्या जागी येणार, नवी कडी जोडायची नाही. कायदा वरच्या धन्यांच्या सोयीचा, पण त्यामुळे जमीन खुलेपणानं विकण्याचा मार्गही मोकळा झाला. आणि मधल्या कड्या काळाच्या ओघात गळत गेल्या.

चिकित्सक

धागा आवडला, पण दोन हरकती आहेत.

पहिली: इंग्लंड हा अपवाद आहे. राजा वर, त्याखाली बॅरन, त्याखाली नाईट, तळाला कुळं, हा शाळेत शिकवला जाणारा पिरॅमिड युरोपभर लावू नका. फ्रान्सच्या दक्षिणेत कोणाकडूनही न घेतलेली, स्वतःच्या हक्काची जमीन मुबलक होती. तिला 'अलोड' म्हणत. आणि जिथे फीफ (सेवेच्या बदल्यात धन्याकडून धारण केलेली जमीन) होते तिथेही एका माणसाचे धनी अनेक असत. शँपेनच्या काउंटचं पाहा. त्याच्या जमिनी फ्रान्सचा राजा, जर्मन सम्राट, बर्गंडीचा ड्यूक, रीम्स आणि साँसचे आर्चबिशप, सेंट डेनिसचा मठाधिपती अशा कितीतरी जणांकडून घेतलेल्या होत्या. यातले दोघे आपसात लढले तर काउंटनं कोणाकडे जायचं? म्हणून 'मुख्य धनी' ठरवण्याची प्रथा पडली, आणि मग लोकांनी मुख्य धनीही एकाहून अधिक केले.

खुद्द राजाही यातून सुटला नाही. सहाव्या लुईकडे व्हेक्सिन ही काउंटी होती, ती सेंट डेनिसच्या मठाकडून धारण केलेली. ११२४ मध्ये सम्राटाची स्वारी येते म्हणताच लुई मठात गेला, तिथलं निशाण वेदीवरून उचललं आणि व्हेक्सिनचा काउंट म्हणून आपण या मठाचे मांडलिक आहोत हे मान्य केलं. राजा असल्यामुळे मठाधिपतीपुढे गुडघे टेकण्याचा विधी तेवढा केला नाही.

दुसरी हरकत शब्दाची. फ्यूडॅलिझमला मराठीत आपण 'सरंजामशाही' म्हणतो आणि तिथेच घसरतो. मराठेशाहीत सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी सरकारनं नेमून दिलेला महसूल. तत्त्वतः तो काढून घेता येत असे. पिढ्यान्‌पिढ्या चालणारं ते वतन: पाटलाचं, कुलकर्ण्याचं, देशमुखाचं. कॅरोलिंगियन, म्हणजे शार्लमेनच्या घराण्याच्या काळातल्या, काउंटची जमीन सुरुवातीला सरंजामासारखी होती आणि शेवटी वतनासारखी झाली. सरंजामशाही हा शब्द निम्मीच गोष्ट सांगतो.

ओसरी

चिकित्सक, दोन्ही हरकती मान्य. 'सगळी जमीन राजाची' हे मी फक्त इंग्लंडबद्दल म्हटलं होतं, पण वाचणाऱ्याला तसं वाटणार नाही हे खरं. सरंजाम आणि वतनाचा भेद मी केलाच नव्हता. आता तो डोक्यात बसला.

दोन धन्यांचा पेच पुढे केवढा मोठा झाला ते इथेच सांगते. इंग्लंडचा राजा इंग्लंडात राजा, पण नॉर्मंडीचा ड्यूक आणि अँजूचा काउंट म्हणून फ्रान्सच्या राजाचा मांडलिक. १२०० मध्ये जॉननं अँगुलेमच्या इझाबेलाशी लग्न केलं. तिचं लग्न ह्यू द लुझिन्यां या फ्रेंच सरदाराशी ठरलेलं होतं. लुझिन्यां मंडळींनी वरच्या धन्याकडे, फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपकडे फिर्याद नेली. फिलिपनं जॉनला मांडलिक म्हणून हजर राहण्याचं फर्मान धाडलं. जॉन गेला नाही. १२०२ मध्ये त्याच्या जमिनी जप्त झाल्याचा निकाल लागला आणि १२०४ मध्ये नॉर्मंडी हातची गेली. एका मोडलेल्या लग्नाच्या फिर्यादीवरून!

ज्यांच्या जमिनी समुद्राच्या दोन्ही बाजूंना होत्या त्यांना मग एक बाजू निवडावी लागली. विल्यम मार्शलनं नॉर्मंडीतल्या जमिनींसाठी फिलिपपुढे निष्ठेची शपथ घेतली आणि इंग्लंडातल्याही राखल्या. जॉननं त्याचा राग धरला.

एल्बेकाठचा

मी ड्रेस्डेनला असतो. आमच्या राज्याचं नाव सॅक्सनी. पण मूळ सॅक्सन लोकांचा मुलूख इथे नव्हता, तो वायव्येला, हॅनोव्हर आणि ब्राउनश्वाइगच्या बाजूला. मग हे नाव एवढा प्रवास करून इथे कसं आलं? उत्तर तुमच्या धाग्यातच आहे: ते किताबाबरोबर आलं.

बाराव्या शतकात हेन्री द लायन सॅक्सनी आणि बव्हेरिया अशा दोन डचींचा, म्हणजे ड्यूकच्या मुलखांचा, ड्यूक होता. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाशी बिनसलं, बोलावणं येऊनही तो हजर झाला नाही, आणि ११८० मध्ये दोन्ही डची काढून घेतल्या गेल्या. बव्हेरिया विटेल्सबाखच्या ओटोला मिळालं. ते घराणं तिथे १९१८ पर्यंत राहिलं. सॅक्सनीचे तुकडे झाले. पश्चिमेचा भाग कोलोनच्या आर्चबिशपकडे गेला आणि 'सॅक्सनीचा ड्यूक' हा किताब आस्कानियन घराण्यातल्या बर्नहार्डला. त्या घराण्याचं बस्तान एल्बेच्या काठी, पुढे विटेनबर्गच्या भागात. १४२२ मध्ये विटेनबर्गची शाखा खुंटली. १४२३ मध्ये जर्मन राजा (पुढे सम्राट) झिगिस्मुंडनं तो किताब माइसेनच्या फ्रेडरिकला दिला. ड्रेस्डेन माइसेनच्या मुलखात होतं. सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या सातांत सॅक्सनीचा ड्यूक होता, त्यामुळे हे नाव माइसेनपेक्षा वजनदार. घराण्यानं तेच मिरवलं आणि हळूहळू सगळ्या मुलखाला तेच चिकटलं. माणसाबरोबर किताब चालला आणि किताबामागून भूगोल.

चिकित्सक म्हणतात त्या अलोडचाही इथे पुरावा मिळतो. हेन्रीकडून डची गेल्या, पण ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबर्ग या घराण्याच्या स्वतःच्या जमिनी, त्या जप्त करता आल्या नाहीत. १२३५ मध्ये त्याच्या नातवानं त्या सम्राटाच्या हवाली केल्या आणि त्याच क्षणी नवी डची म्हणून परत घेतल्या. याच वंशातून पुढे हॅनोव्हरचं घराणं निघालं आणि १७१४ मध्ये त्यातला पहिला जॉर्ज ब्रिटनच्या गादीवर बसला.

आणखी एक फरक. इंग्लंडात थोरला मुलगा अर्ल, बाकीचे साधे गृहस्थ. इथे सगळी मुलं काउंट, आणि जमिनीचेही वाटे होत. म्हणून जर्मनीचे जुने नकाशे गोधडीसारखे दिसतात.

नवी_वाचक

सॅक्सनीचं वाचून अंगावर काटा आला. शाळेत नकाशा रंगवताना हे कोणी सांगितलं असतं तर!

मुक्तछंद

सगळी चर्चा बाप आणि मुलांची चालली आहे, म्हणून मुलींचं लिहिते. इंग्लंडच्या पद्धतीत मुलगा नसेल तर जमीन सगळ्या मुलींत सारखी वाटली जाई. किताबाची वाटणी करता येत नसे. त्यामुळे दोन्ही वेगळे पडतात ते सर्वांत स्पष्ट इथेच दिसतं.

वर ज्याचा उल्लेख आला तो विल्यम मार्शल धाकट्या मुलांपैकी, वाट्याला जमीन शून्य. तलवारीवर नाव कमावलं. ११८९ मध्ये इझाबेल द क्लेअर या वारसदार मुलीशी लग्न झालं आणि एका दिवसात वेल्सच्या सीमेपासून आयर्लंडच्या लेन्स्टरपर्यंत जमिनी हाती आल्या. तो चाळिशी उलटलेला, ती विशीच्या आतली. राजानं त्याला दिलेली ही बक्षिसी होती, आणि बक्षिसी म्हणजे ती मुलगी. पालकी राजाकडे असल्यामुळे तिचं लग्न लावण्याचा हक्क राजाचा, आणि तो हक्क विकलाही जात असे. विधवेला तिच्या मनाविरुद्ध पुन्हा लग्नाला लावू नये हे कलम १२१५ मध्ये लिहून घ्यावं लागलं, यावरूनच काय चालत होतं ते कळतं.

त्या दोघांना पाच मुलगे झाले. पाचही एकामागून एक पेम्ब्रोकचे अर्ल झाले, पाचही निपुत्रिक गेले. १२४५ मध्ये शेवटचा गेला आणि सगळी दौलत पाच बहिणींच्या वंशांत वाटली गेली. लेन्स्टरचेही पाच वाटे पडले.

दुसरं उदाहरण ग्लॉस्टरचं. १३१४ मध्ये बॅनॉकबर्नच्या लढाईत अर्ल गिल्बर्ट द क्लेअर मारला गेला, वय २३. मूल नाही, तीन बहिणी. तिघींचे नवरे राजाच्या मर्जीतले, आणि त्यातला ह्यू डिस्पेन्सर सर्वांत हावरा. त्याला आपल्या वाट्यावर थांबायचं नव्हतं, दक्षिण वेल्समधलं बाकीचंही हवं होतं. त्यातून १३२१ मध्ये सरदारांनी हत्यारं उपसली, आणि १३२६ मध्ये डिस्पेन्सर फासावर गेला. या सगळ्या काळात ग्लॉस्टरचा अर्ल कोणीच नव्हता. १३३७ मध्ये दुसऱ्या बहिणीचा, मार्गारेटचा नवरा ह्यू ऑडली याला तो किताब नव्यानं दिला गेला. जमीन बहिणींकडून आली होती, नाव राजाकडून आलं.

ओसरी

मुक्तछंद, 'बक्षिसी म्हणजे ती मुलगी' हे वाक्य मनातून जात नाही.

१३३७ वरून आठवलं. इंग्लंडात पहिला ड्यूक त्याच वर्षी झाला, तिसऱ्या एडवर्डचा मुलगा, कॉर्नवॉलचा ड्यूक. पहिला मार्क्विस १३८५ मध्ये, डब्लिनचा, आणि तो आमच्या हेडिंगहॅमच्या डी व्हिअर घराण्यातलाच, ऑक्सफर्डचा नववा अर्ल. पहिला व्हायकाउंट १४४० मध्ये. म्हणजे ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन ही उतरंड आपण मध्ययुगाच्या आरंभापासूनची समजतो, ती इंग्लंडात पुरी व्हायला पंधरावं शतक उजाडलं. १४०२ मध्ये जॉन बोफर्टला गेलेला मार्क्विसचा किताब परत मिळत होता, तो त्यानं घेतला नाही. हे नाव या राज्यात परकं आहे, असं कारण दिलं.

लॅटिन कागदांत शेरीफलाही 'व्हाइसकोमेस'च म्हणत, तोच शब्द जो पुढे व्हायकाउंट झाला. शेरीफ म्हणजे शायरचा रीव्ह, राजाचा परगण्यातला कारभारी. आपल्या मुंबईचे नगरपाल आठवा. तेही शेरीफच, आणि तिथेही कामं गेली, मान राहिला.

पण माझ्याच म्हणण्याला छेद देणारी एक गोष्ट सापडली आहे, ती लपवत नाही. किताब आणि जमीन वेगळी असली तरी जमिनीशिवाय किताब ही गोष्ट त्या लोकांना सहन होत नसे. १३३७ मध्ये एडवर्डनं नवे अर्ल केले तेव्हा त्यांना वर्षाला १,००० मार्क (त्या काळचं हिशोबी चलन) उत्पन्नाची तजवीज करून दिली, कारण नावाला साजेसं राहता आलं पाहिजे. आणि जॉर्ज नेव्हिलचं तर फार वाईट झालं. १४७० मध्ये राजाच्या मुलीशी लग्न ठरवून त्याला लहानपणीच बेडफर्डचा ड्यूक केलं होतं. पुढच्याच वर्षी बाप बार्नेटच्या लढाईत राजाविरुद्ध लढताना पडला, दौलत हातची गेली. १४७८ मध्ये संसदेनं कायदा करून त्याचा किताब काढून घेतला. कारण लिहिलं आहे की या पदाला शोभेल अशी उपजीविका त्याच्याकडे नाही.

बांधावरून

दोन दिवस वाचतोय. सगळं खरं, पण ती जमीन कसत कोण होतं? आतापर्यंतच्या प्रतिसादांत त्याला एकच शब्द मिळाला आहे, 'कुळं'.

मॅनर म्हणजे थोडक्यात एक जहागिरी गाव. काही जमीन धन्याची खाशी, बाकी कुळांची. पूर्ण वाट्याच्या कुळाकडे साधारण ३० एकर. त्या बदल्यात आठवड्यातले ठरावीक दिवस धन्याच्या शेतावर राबायचं, सुगीत जास्तीचे दिवस. मुलीचं लग्न करायचं तर धन्याला पैसे. बाप मेला तर गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर धन्याचं. दळण धन्याच्याच गिरणीत.

या गिरणीवरून सेंट अल्बन्सला काय झालं ते सांगतो. गाव मठाच्या मालकीचं. लोक घरच्या जात्यावर दळत होते. १३३० च्या दशकात मठाधिपतीनं ती जाती जप्त केली आणि मठाच्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवली. पन्नास वर्षं ती तिथे पायाखाली होती. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात गावकरी आत शिरले, फरशी उखडली, जात्यांचे तुकडे केले आणि प्रसादासारखे आपसात वाटून घेतले. माझ्या आजीचं जातं आमच्या अंगणात अजून आहे. हे वाचल्यापासून त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

त्याच उठावात माइल एंडला लोकांनी चौदा वर्षांच्या राजाकडे मागितलं काय? वेठीची कुळकी बंद करा आणि जमिनीचा खंड एकरी चार पेन्स ठरवा. जिथे हाती लागली तिथे मॅनरची दप्तरं जाळली. कारण कोण बांधील आणि कोण मोकळा हे त्या दप्तरांतच होतं. उठाव चिरडला गेला, राजानं दिलेली वचनं मागे घेतली. पण १३४८ च्या प्लेगनंतर माणसंच इतकी कमी झाली होती, की वेठ हळूहळू आपोआप सुटत गेली. त्या कुळांच्या हक्काला दप्तरातल्या नकलेवरून 'कॉपीहोल्ड' नाव पडलं. तो प्रकार कायद्यानं संपला १९२६ मध्ये.

सातबारा

बांधावरून, मनापासून आभार. दप्तर जाळणाऱ्यांना दप्तराची किंमत आमच्यापेक्षा जास्त कळली होती.

वसईवाला

हा धागा आमच्या दारापर्यंत येतो, म्हणून लिहितो. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे आली. त्यांनी गावंच्या गावं आपल्या लोकांना दीर्घ पट्ट्यानं दिली: वर्षाला ठरलेला 'फोरो' भरायचा आणि लढाईसाठी घोडा, माणसं तयार ठेवायची. मुंबई बेटही असंच गार्सिया दा ओर्ता या वैद्याकडे होतं. मुंबईच्या जुन्या जमिनींच्या कागदांत 'फजेंदार' शब्द भेटतो, तो या पोर्तुगीज काळाचाच वारसा.

पुढचं त्याहून नवलाचं. १६६१ च्या लग्नाच्या तहात मुंबई दुसऱ्या चार्ल्सला मिळाली. २७ मार्च १६६८ च्या सनदेनं त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली. कशी? 'केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिचच्या मॅनरप्रमाणे, सॉकेज हक्कानं'. भाडं वर्षाला १० पौंड सोनं, दर ३० सप्टेंबरला. म्हणजे माहीम, परळ, माझगावची जमीन कायद्याच्या कागदावर लंडनजवळच्या एका मॅनरच्या रीतीनं धारण केलेली होती! सातबारा काका, हे ईस्ट ग्रीनिच मध्येच कुठून आलं?

सातबारा

तो त्या काळच्या सनदांचा ठरीव मजकूर. १६०६ च्या व्हर्जिनियाच्या सनदेतही हेच ईस्ट ग्रीनिच आहे. थेट राजाकडून नाइटच्या सेवेनं जमीन घेतली की त्यामागे वारसाची पालकी, लग्नाचा हक्क, नजराणे हे सगळं लचांड यायचं. राजाच्या एखाद्या मॅनरच्या नावानं सॉकेजमध्ये घेतली की ठरलेलं भाडं भरायचं आणि मोकळं व्हायचं.

शिवाय १६६८ पर्यंत दुसरा मार्गही उरला नव्हता. १६६० मध्येच संसदेनं लष्करी सेवेच्या सगळ्या धारणा रद्द करून त्यांचं सॉकेज केलं होतं. पालकी गेली, वारस मुलींची लग्नं विकण्याचा हक्क गेला. बदल्यात राजाला बिअर आणि इतर पेयांवरच्या कराचं उत्पन्न लावून दिलं.

मुक्तछंद

म्हणजे इझाबेल द क्लेअरला ज्या हक्कानं देऊन टाकलं, तो हक्क संपायला ११८९ पासून १६६० उजाडलं. चारशे एकाहत्तर वर्षं.

ओसरी

लेकीला हे सगळं वाचून दाखवलं. तिला आता सेंट अल्बन्सला जायचं आहे, जाती बसवली होती ती जागा बघायला.